ओळख ना पाळख, तरी घरातलं कुणी गेल्यासारखं: अनुभव धागा

विषय निघाला तो बहिणीशी झालेल्या वादातून. ती म्हणते, टीव्हीवर बातम्या सांगणारे एस. पी. सिंह गेले त्या रात्री आई जेवली नाही. मी म्हणतो जेवली, फक्त रोजच्यासारखी ताट घेऊन टीव्हीसमोर बसली नाही, ओट्यापाशी उभ्या उभ्या उरकलं तिनं. खरं काय ते सांगायला आई आता नाही. पण वाद घालता घालता लक्षात आलं की ज्या माणसाला आम्ही कधी भेटलो नाही, ज्याला साधं पत्रही टाकलं नाही, त्याच्या जाण्याची रात्र आम्हा दोघांना ताटापर्यंत आठवते आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. सुरेंद्र प्रताप सिंह, हिंदी पत्रकार, सगळे म्हणायचे एसपी. मूळचे गाजीपूरचे, वाढले बंगालमध्ये. मुंबईत 'धर्मयुग'मध्ये उमेदवारी, मग कोलकात्यात 'रविवार' साप्ताहिक, मग 'नवभारत टाइम्स'. टीव्हीवर आले ते १९९५ मध्ये, 'आज तक' घेऊन. 'आज तक' तेव्हा चॅनल नव्हतं. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर रात्री दहाला लागणारा वीस मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम होता. मराठीत तेव्हा एकही खाजगी वाहिनी नव्हती, त्यामुळे सरकारी बातम्यांहून वेगळं काही ऐकायचं तर आपल्यातले कित्येक जण हेच बघायचे. शेवटचं वाक्य ठरलेलं: "ये थीं खबरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक."

१३ जून १९९७, शुक्रवार. दिल्लीत उपहार थिएटरला आग लागली, ५९ माणसं गेली. त्या रात्री ही बातमी एसपींनीच सांगितली. सोमवारी, १६ जूनला, एसपींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. २७ जूनला ते गेले. वय ४८.

तुम्ही कुठे होतात? काय केलंत? 'पोकळी' आणि 'अपरिमित हानी' हे दोन शब्द कृपया नकोत, ते पेपरातल्या जाहिरातींना राहू द्या. नेमकं काय घडलं तेवढं लिहा. नावं नकोत, गाव चालेल.

माझं आधी सांगतो. डोंबिवली. बाबा फास्ट लोकलनं पावणेदहाला घरी यायचे, हातपाय धुऊन दहाला पानावर. म्हणजे आमच्या घरात एसपी हे रोज जेवायला असणारे पाचवे माणूस होते. त्या रात्री बाबांनी बातम्या संपायच्या आधीच टीव्ही बंद केला. का, हे कुणी विचारलं नाही. एरवी मध्येच बंद केला असता तर आरडाओरडा झाला असता.

*

मिरज

आमचा केबलचा धंदा होता. गच्चीवर चार डिश, खाली दहा बाय आठच्या खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची रांग. आमच्याकडे मेट्रो अँटेनावर येत नव्हती, लोक बघायचे ते आमच्या वायरवरून. त्यामुळे चॅनलवर काहीही बदललं तरी ते आम्हीच केलं असं गिऱ्हाइकाला वाटायचं. पावसात चित्राला मुंग्या आल्या तर आम्ही, क्रिकेटमध्ये भारत हरला तरी जवळजवळ आम्हीच.

एसपी दिसेनासे झाल्यावर दोन-तीन दिवसांनी फोन सुरू झाले. "भाऊ, दहाच्या बातम्यांना ते दाढीवाले का नाहीत?" त्यांना दवाखान्यात हलवलंय हे आम्हालाही धड माहीत नव्हतं. तिसऱ्या गल्लीतले एक निवृत्त तलाठी थेट दुकानात आले. म्हणाले, "तुम्ही खरं आज तक काढून दुसरंच काही तरी लावताय." मी म्हटलं, काका, दिल्लीहून जे येतं तेच पुढे सोडतो हो. पटलं नाही. त्या महिन्याचे शंभर रुपये त्यांनी अडवून धरले.

गेल्याची बातमी आली त्या रात्री मला वाटलं, आपणही काही करावं. आमच्या व्हिडिओ चॅनलवर साड्यांच्या सेलच्या पाट्या फिरवायला एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पाटी केली. त्या कॉम्प्युटरला जोडाक्षरं जड जायची, 'श्रद्धांजली' काही केल्या नीट उमटेना. शेवटी जशी उमटली तशी लावली. साडेअकरापर्यंत सात फोन आले. चार जण बरं केलंत म्हणाले, तिघांनी शुद्धलेखन काढलं.

तलाठीकाका दुसऱ्या दिवशी आले. काउंटरवर शंभराची नोट ठेवली आणि पावती फाडेपर्यंत थांबलेही नाहीत.

*

संगमनेर

मी शाळेत हिंदी शिकवायचे. राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षांना मुलं बसायची आणि पुस्तकातली हिंदी वाचून त्यांना भाषेचा कंटाळा यायचा. म्हणून मी घरचा अभ्यास दिला होता: रात्री 'आज तक' बघा आणि पाच नवे शब्द वहीत लिहून आणा. ज्यांच्या घरी टीव्ही नाही त्यांनी शेजाऱ्यांकडे. एसपींची हिंदी संस्कृत कोंबलेली नसायची. भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलायचे, आणि तरी भाषा कधी सैल पडायची नाही. मुलांच्या वह्यांत 'घपला', 'हलफनामा', 'इस्तीफा', 'बहाली' असले शब्द जमायला लागले होते. प्रबोध परीक्षेला ते कामाचे नव्हते, पण मला फार आनंद व्हायचा.

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शनिवारी सकाळची शाळा. एका मुलाच्या वहीत फक्त एक वाक्य होतं: 'सुरेंद्र प्रताप सिंह नहीं रहे.' शेजारी त्यानं मराठी केलं होतं, 'राहिले नाहीत.' मला विचारतो, "बाई, कुठे राहिले नाहीत? दिल्लीत?"

वर्गात दोघं-तिघं हसले. मी फळ्याकडे वळले आणि नहीं रहना, गुज़र जाना, चल बसना असे सगळे वाक्प्रचार एकाखाली एक लिहीत गेले. पाठ वर्गाकडे ठेवायची होती म्हणून. मुलांना वाटलं आज बाई फारच शिकवताहेत.

*

पुणे

प्रामाणिकपणे सांगते, मला काहीच वाटलं नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची. दहाच्या आधी लागणारी सिरियल संपली की बातम्या लागायच्या आणि रिमोट बाबांकडे जायचा, म्हणून तो माणूस मला आवडायचाच नाही. सगळ्यांनाच दुःख झालं होतं असं इथे वाटायला नको म्हणून लिहिलं.

*

इस्लामपूर

आम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करायचो, अजूनही जमेल तसं करतो. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आमच्यातलं कुणी विसरणार नाही. गणपती दूध पितोय म्हणून गल्लीत रांगा. माझी सख्खी मावशी वाटी घेऊन रांगेत. आम्ही चौकात उभं राहून पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावत होतो. लोक म्हणायचे, तुमचं विज्ञान राहू द्या, माझ्या डोळ्यांनी चमच्यातलं दूध गेलेलं बघितलं.

'आज तक'नं काय केलं, तर चांभाराची लोखंडी ऐरण घेतली आणि तिच्या कडेला दुधाचा चमचा लावून दाखवला. ऐरणही दूध पिते! संपलं. आम्ही दिवसभर घसा कोरडा करून जे सांगू शकलो नाही ते एका चमच्यात झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच प्रयोग चौकात केला, ऐरण मागायला गेलो तर चांभारदादा म्हणाले, "न्या, पण दूध पाजून झालं की पुसून आणा, गंजती."

तर १९९७ मध्ये ते गेल्याचं कळलं त्या आठवड्याच्या बैठकीत मी सुचवलं, दोन मिनिटं उभं राहू. सहा जण होतो. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "उभं राहणं हेही कर्मकांडच की." त्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. उभं राहायचं राहूनच गेलं. मला वाटतं हा वाद त्यांनाही आवडला असता. पण असं गेलेल्या माणसाच्या तोंडी काही घालणं बरं नाही, म्हणून हे वाक्य मागे घेतो.

*

लातूर (तेव्हा दिल्ली)

यूपीएससीची तयारी करायला गेलो होतो, युसूफ सरायला खोली घेऊन तिघं राहायचो. उपहार तिथून चालत जाण्यासारखं. 'बॉर्डर'चा पहिलाच दिवस. आमच्यातला एक जण दुपारच्या शोला जाणार होता, तिकीट मिळालं नाही म्हणून शिव्या देत परत आला. संध्याकाळी धूर आम्ही गच्चीवरून बघितला. माणसं जळून कमी गेली, धुरानं गुदमरून जास्त गेली. बाल्कनीतून बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली होती. हे सगळं पुढे कोर्टात आलं. आम्हाला त्या रात्री फक्त अँब्युलन्सचे आवाज ऐकू येत होते.

घरमालकांच्या बैठकीत आम्ही तिघं, ते, त्यांची सून, सगळे दहाला टीव्हीसमोर. एसपींनी त्या रात्री आवाज चढवला नाही, हे मला पक्कं आठवतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं तेच आमच्या घरमालकांच्या चेहऱ्यावर होतं.

आणि मग चौथ्या दिवशी कळलं की ते स्वतःच बेशुद्ध आहेत. दिल्लीत लोक अगदी सहज म्हणायचे, उपहारनं त्यांचा जीव घेतला. मेंदूतली शीर अशी एका बातमीनं फुटते का, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या अकरा दिवसांत पानवाल्यापासून लायब्ररीतल्या पोरांपर्यंत प्रत्येक जण 'कैसे हैं?' एवढंच विचारायचा, आणि कोण ते सांगावं लागायचं नाही. माझ्या मित्राला, ज्याचं तिकीट हुकलं होतं, या दोन गोष्टी पुढे कधी वेगळ्या करता आल्या नाहीत. तो अजून थिएटरमध्ये शिरला की आधी दरवाजे मोजतो.

*

दादर

रविवार होता, २९ जून. पाऊस धो धो, म्हणून परळहून टॅक्सी केली. ड्रायव्हर वयस्कर, यूपीचे. डॅशबोर्डवर हिंदी पेपर घडी करून ठेवलेला, वर एसपींचा फोटो येईल अशी घडी. मी म्हटलं, "आप देखते थे इनको?" ते म्हणाले, "देखते कहाँ थे बाबूजी, दस बजे तो गाड़ी पे रहते थे. हमरे गाजीपुर के थे."

मग म्हणाले, खोलीवर आठ जण राहतात, त्यातला जो रात्री घरी असेल तो बघायचा आणि सकाळी बाकीच्यांना सांगायचा. म्हणजे त्यांनी एसपींना जेमतेम दहा-बारा वेळा पाहिलं असेल. पण मुंबईत कुणी 'भैया' म्हणून हिणवलं की ते मनातल्या मनात म्हणायचे, तुमच्या घरात रोज रात्री आमच्याच जिल्ह्याचा माणूस येऊन बोलतो आणि तुम्ही गप बसून ऐकता.

हे ते हसत सांगत होते. मी मात्र काचेबाहेर बघत बसलो. उतरताना सुट्टे पैसे मी मागितले नाहीत, त्यांनी तरी मोजून दिले.

*

घाटकोपर

आमच्यासाठी तो जून आणि जुलै वेगळे काढता येत नाहीत. ११ जुलै १९९७ ला रमाबाई कॉलनीत गोळीबार झाला. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक हायवेवर उतरले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या चालवल्या, दहा माणसं गेली. आमच्या ओळखीतलं घर त्यात होतं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

एसपींना जाऊन तेव्हा फक्त दोन आठवडे झाले होते. त्या रात्री माझ्या काकानं दहाला सवयीनं टीव्ही लावला आणि हात तसाच बटणावर ठेवून म्हणाला, "आता हे कोण सांगणार?" बातमी आली, इतरांनी दिली, नीट दिली. काकाचं म्हणणं इतकंच होतं की टीव्हीवरच्या ज्या एका माणसाला तो 'हा खोटं बोलणार नाही' असं म्हणायचा, तो नेमका या वेळी नव्हता. काकाला हिंदी निम्मी समजायची. विश्वास मात्र पुरता होता.

*

ठाणे

माझा अनुभव १९९७ चा नाही, चालेल ना? १४ जानेवारी २०२२, लखनौचे कमाल खान गेले. एनडीटीव्हीवर आदल्या दिवशीपर्यंत उत्तर प्रदेशच्या निवडणुकीवर बोलत होते. सकाळी हृदयविकाराचा झटका. मी त्यांचे अयोध्येचे रिपोर्ट शोधून शोधून बघायचे. कुठलाही भडक विषय असू दे, ते एखादी चौपाई किंवा शेर असा ठेवायचे की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

तर त्या दिवशी संक्रांत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून तिळगूळ आणि पतंग. मी मध्येच बातमी टाकली. खाली लगेच दोन हात जोडलेले, मग 'ओम शांती', मग 'तिळगूळ घ्या गोड बोला', मग कुणीतरी विचारलं 'कोण हे?', मग पुन्हा पतंग. एकानं तर माझ्याच मेसेजला चुकून हसरा चेहरा दिला आणि तीन तास काढला नाही.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी हळदीकुंकवाला साडी नेसत होते आणि कानात हेडफोन घालून त्यांचा जुना रिपोर्ट ऐकत होते. मी तरी काय वेगळं करत होते?

*

(धागाकर्ता: चालेल, अगदी चालेल. एक प्रश्न मनात आला. १९९७ मध्ये एकानं एका टॅक्सीत ऐकलं, एकानं वहीत वाचलं, आणि ते त्यांच्याजवळच राहिलं. आता सगळ्यांचं सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. एप्रिल २०२१ मध्ये टीव्ही अँकर रोहित सरदाना गेले तेव्हा लोक श्रद्धांजलीखाली एकमेकांचे जुने हिशेब काढत बसले होते, ते वाचून मी फोन ठेवून दिला होता. त्यांच्या पत्रकारितेबद्दल माझंही मत आहे, पण वय ४१ आणि करोना, त्या दिवशी ते मत मला सुचलंच नाही. असो, पुढे चालू द्या.)

*

पुणे

मी बातमीदार आहे, त्यामुळे हे आतल्या बाजूनं. २ सप्टेंबर २०२०. पांडुरंग रायकर, टीव्ही नाईन मराठीचे पुण्याचे प्रतिनिधी, करोनानं गेले. व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, ही बातमी सगळीकडे आली. तेच तेवढं लोकांना आठवतं.

मला आठवतो डेस्कवरून आलेला फोन. "बाइट घे." कुणाचा? आम्ही सहा-सात जण मास्क लावून रस्त्याच्या कडेला उभे होतो, बूम माइक हातात, आणि एकमेकांकडे बघत होतो. अशा वेळी गेलेल्याच्या सहकाऱ्यांचा बाइट घ्यायचा असतो. सहकारी आम्हीच. शेवटी एकानं माझ्यासमोर बूम धरला, मी चार वाक्यं बोललो, मग मी त्याच्यासमोर धरला. दोन्ही बाइट आपापल्या वाहिनीवर लागले.

घरी गेलो तर आई दारातच. म्हणाली, "तुला टीव्हीवर बघितलं. तू बरा आहेस ना?" आधी आंघोळ कर म्हणाली, मग बाहेरच्या खोलीत ताट ठेवून आत गेली. पुढचे कित्येक दिवस मी निघालो की ती काही बोलायची नाही, फक्त बॅगेत सॅनिटायझरची अजून एक बाटली सापडायची. एकदा तीन निघाल्या.

*

लालबाग

उशिरा लिहितोय. मी एसपींना कधी पाहिलंच नव्हतं.

चाळीत आमच्याकडे टीव्ही नव्हता. मधली भिंत म्हणजे लाकडी फळ्या आणि त्यावर वर्षानुवर्षं चिकटवलेले कागद. पलीकडच्यांचा टीव्ही रोज रात्री दहाला पूर्ण आवाजात, कारण तिथल्या आजोबांना कमी ऐकू यायचं. वडील गिरणी संपानंतर घरीच. ते भिंतीला पाठ लावून बसायचे आणि बातम्या ऐकायचे. आई भांडी घासता घासता ऐकायची, पातेलं महत्त्वाच्या वेळी वाजलं की वडील नुसतं "श्" करायचे. मला त्या आवाजावरून माणूस दिसायचा: उंच, गोरा, गुळगुळीत दाढी केलेला, सुटाबुटातला. आईचंही साधारण असंच मत होतं.

एके रात्री आवाज बदललेला. दुसऱ्या रात्रीही. चार-पाच दिवस गेल्यावर आईनं भिंतीवर टकटक केलं. एरवी ती फक्त विरजण मागायला टकटक करायची. पलीकडून काकू म्हणाल्या, "आजारी आहेत ते." जणू त्यांच्याच घरात कुणी आजारी होतं. मग रोज सकाळी नळावर आई त्यांना विचारायची, काही कळलं का? काकू मान हलवायच्या.

२८ तारखेला वडिलांनी नाक्यावरून हिंदी पेपर आणला. आमच्या घरात हिंदी पेपर आलेला तो एकदाच. पहिल्या पानावर फोटो होता. आईनं ओले हात पदराला पुसले, पेपर खिडकीपाशी उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली, "यांना तर दाढी होती."